व्हीगन, ग्लूटेन-फ्री पॅनकेक बाहेरून ब्राऊन होतात पण आतून गिच्च राहतात, उलटताना मोडतात

पहाटवारा

घरात एकाला सिलिअ‍ॅक (ग्लूटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रोटीन, न सोसण्याचा आजार) आहे आणि दूध-अंडी कोणीच खात नाही, त्यामुळे पॅनकेक दोन्ही अटी पाळूनच करायचे असतात. सध्याचं प्रमाण असं आहे: तांदळाचं पीठ १ कप, पिकलेलं मोठं केळं १, बदामाचं दूध १ कप, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, व्हिनेगर १ चहाचा चमचा, तेल १ मोठा चमचा, चिमूटभर मीठ. सगळं मिक्सरमधून काढून लगेच पॅनवर घालते.

दोन मिनिटांत बाहेरून छान रंग येतो, पण आत चिकट गोळा राहतो. उलथनं खाली घातलं की मधोमध तुटतात. गार झाल्यावर तर चक्क कडक होतात. जवसाची पूड घातली की थोडे सांधले जातात, पण चिकटपणा तसाच राहतो.

दुसरं म्हणजे, नुसतं तांदळाचं पीठ आणि केळं याला पौष्टिक म्हणायला मन तयार होत नाही. कोणती पिठं किती घ्यावीत, इसबगोल चांगलं की जवस, आणि साखर किती कमी करता येईल, हे नीट प्रमाणासह कोणी सांगेल का? 'अंदाजे घाला' हे उत्तर नको, वजनकाटा घरात आहे.

मोजमाप

वजनकाटा आहे हे फार बरं झालं. या प्रकारात अर्धी गडबड कपामुळेच होते. तांदळाचं पीठ कपात १५० ते १६० ग्रॅम भरतं, बकव्हीटचं १२० च्या आसपास आणि ओट्सचं जेमतेम १०० ग्रॅम. एका पिठाऐवजी दुसरं 'कपाला कप' घेतलं की पाण्याचा हिशोब कोलमडतो.

तुमचं प्रमाण ग्रॅममध्ये मांडून बघू. पीठ १५५ ग्रॅम. दूध २४० मिली. मोठं केळं सोलून १२० ग्रॅम, त्यात पाऊण भाग पाणीच, म्हणजे आणखी ९० मिली. एकूण पाणी ३३० मिली, पिठाच्या दुपटीहून जास्त. हे पाणी धरून ठेवणारं मात्र काहीच नाही. नेहमीच्या पॅनकेकमध्ये आकार टिकतो तो अंड्यातलं प्रोटीन उष्णतेने घट्ट होतं म्हणून, आणि पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो म्हणून. तुमच्याकडे अंडं नाही आणि ग्लूटेनही नाही, तेव्हा सगळा भार स्टार्चवर. तांदळाचा स्टार्च फुगायला साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं आणि त्याआधी कण भिजलेला असावा लागतो. तुम्ही लगेच पॅनवर घालता, म्हणजे कण कोरडेच राहतात आणि पाणी मोकळं फिरतं. वर केळ्यातल्या साखरेने रंग लवकर येतो, म्हणून शिजलं असं वाटून तुम्ही उलटता. गिच्चपणा आणि मोडणं ही दोन्ही याच एका कारणाची लक्षणं आहेत.

गार झाल्यावर कडक होणं वेगळं आहे. तांदळाच्या पिठातला शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा आवळतो आणि पाणी बाहेर टाकतो. पीठ नुसतं तांदळाचं असलं की हे होणारच. थोडा टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्याचा होतो ते पीठ) आणि पाणी धरणारं काहीतरी (इसबगोल, जवस) घातलं की फरक पडतो.

हे प्रमाण घ्या. १० सेंटिमीटरचे ७-८ होतात:

बकव्हीट म्हणजे कुट्टूचं पीठ, सालीसह दळलेलं: ७० ग्रॅम
तांदळाचं अगदी बारीक पीठ: ५० ग्रॅम
टॅपिओका स्टार्च: ३० ग्रॅम (यातला १० ग्रॅम बाजूला ठेवा)
जवसाची ताजी पूड: १० ग्रॅम
इसबगोलाची साल: ३ ग्रॅम
साखर: १५ ग्रॅम
मीठ: पाव चहाचा चमचा
बिनसाखरेचं सोया दूध: २४० मिली
लिंबाचा रस: १५ मिली
तेल: १५ मिली
बेकिंग पावडर: २ चहाचे चमचे, सपाट
खायचा सोडा: पाव चहाचा चमचा, सपाट

कृतीत क्रम महत्त्वाचा आहे. सोया दुधात लिंबाचा रस घालून पाच मिनिटं ठेवा. ते फाटल्यासारखं दाट होईल, तसंच व्हायला हवं. बेकिंग पावडर, सोडा आणि बाजूचा १० ग्रॅम स्टार्च सोडून बाकी सगळं कोरडं एकत्र करा. इसबगोल पिठात नीट मिसळल्याशिवाय ओलं घालू नका, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या मग कशानेही मोडत नाहीत. आता दूध आणि तेल घालून एक मिनिट जोरात फेटा. ग्लूटेन नसल्यामुळे जास्त फेटल्याने चिवट होण्याची भीती नाही. झाकून २० मिनिटं ठेवा.

२० मिनिटांनी पीठ बरंच घट्ट झालेलं दिसेल. चमच्यातून रिबिनीसारखं सलग पडावं आणि पडलेली रेघ तीन-चार सेकंदांत मिटावी. रेघ तशीच राहिली तर एकेक मोठा चमचा दूध घाला, ५० मिलीपर्यंत लागू शकतं. पाणी किती लागेल हे पिठाच्या दळण्यावर ठरतं, म्हणून ही एकच गोष्ट डोळ्यांनी ठरवा.

शेवटी बेकिंग पावडर आणि सोडा बाजूच्या १० ग्रॅम स्टार्चमध्ये मिसळून चाळणीतून वर भुरभुरा आणि १५ सेकंद फेटा. लगेच फेस धरेल. इथून पुढे १५ मिनिटांत सगळं पीठ संपवायचं. सोडा आधी घालून पीठ मुरवत ठेवलं तर गॅस निघून जातो आणि पॅनवर काहीच फुगत नाही. मुरवणं आधी, फुगवणं नंतर, हे उलटं करू नका.

मंद_आच

प्रमाण वरचं उत्तम आहे. पण तेच पीठ जास्त तापलेल्या पॅनवर घातलं तर पुन्हा गिच्चच होईल, म्हणून आचेबद्दल लिहितो.

पॅनचा पृष्ठभाग १७० ते १८० अंश असावा. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाका. थेंब चुरचुरून दोन-तीन सेकंदांत उडून गेला तर ठीक. तो गोळी होऊन पॅनभर पळत सुटला तर पॅन १९० च्या वर गेला आहे. आच कमी करून दोन मिनिटं थांबा. बऱ्याच ठिकाणी 'थेंब नाचला पाहिजे' असं लिहिलेलं असतं. गव्हाच्या पातळ पॅनकेकला ते चालून जातं, या पिठाला नाही. यात पाणी जास्त आहे आणि ते इसबगोलाने धरून ठेवलेलं आहे, त्यामुळे उष्णता मध्यापर्यंत जायला वेळ लागतो.

पॅन जाड बुडाचा घ्या आणि मध्यम-मंद आचेवर पाच मिनिटं तापवा (नॉनस्टिक असेल तर रिकामा इतका वेळ तापवू नका, दीड-दोन मिनिटं पुरे). तेल कागदाने पुसून घ्या, नुसता लेप राहिला पाहिजे. तेलाचं थारोळं असलं की कडा तळल्या जातात आणि मधे डाग पडतात.

एका पॅनकेकला ६० मिली पीठ, म्हणजे पाव कप. मधोमध ओता आणि चमच्याच्या पाठीने हलकेच पसरा, जाडी १ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दाट पीठ आपोआप पसरत नाही, आणि न पसरता तसंच ठेवलं तर मध्यभाग कधीच शिजत नाही.

उलटायची वेळ बुडबुड्यांवरून ठरवू नका. गव्हाच्या पॅनकेकला वर भोकं पडून तशीच राहतात. इथे चार-पाच बुडबुडे येतील, कधी तेही नाही. कडेने बोटभर रुंदीची चमक गेली, तो भाग कोरडा दिसू लागला आणि उलथनं न अडखळता खाली सरकलं की उलटा. साधारण ३ मिनिटं लागतात. उलथनं अडकलं तर ओढू नका, अर्धा मिनिट थांबा. खालची बाजू पक्की झाली की पॅनकेक स्वतःहून सुटतो. उलटल्यावर झाकण ठेवून १ मिनिट, झाकण काढून १ मिनिट. झाकणाने वाफ कोंडते आणि मध्य शिजतो. शेवटचं मिनिट उघडं ठेवायचं, नाहीतर कडा ओलसर राहतात. प्रोब थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंश दिसले पाहिजेत.

आणि पॅनमधून काढल्यावर ताटात एकावर एक रचू नका. जाळीवर सुटे ठेवून तीन मिनिटं द्या. फुगलेला स्टार्च या वेळात बसतो. तव्यावरून थेट तोडून बघितलं तर बरोबर शिजलेला पॅनकेकही आतून ओलाच वाटेल.

पहिला पॅनकेक नेहमी आच तपासायला म्हणून छोटा घाला, २० मिलीचा. त्याचा रंग दीड मिनिटाच्या आत गडद झाला तर पुढच्यांसाठी आच कमी करायची हे कळतं आणि पीठही वाया जात नाही.

रानधान्य

पौष्टिकपणाबद्दल. ग्लूटेन नाही म्हणजे आपोआप पौष्टिक, असं नाही. विकतच्या बहुतेक तयार मिश्रणांत पांढऱ्या तांदळाचं पीठ आणि दोन-तीन प्रकारचे स्टार्च असतात. टॅपिओका स्टार्चमध्ये प्रोटीन जवळजवळ शून्य. पांढऱ्या तांदळाच्या पिठात १०० ग्रॅमला ६ ग्रॅम प्रोटीन आणि दोन-अडीच ग्रॅम फायबर. सालीसह दळलेल्या बकव्हीटमध्ये प्रोटीन १२ ते १३ आणि फायबर १० ग्रॅम. हरभऱ्याच्या पिठात, म्हणजे बेसनात, प्रोटीन २० च्या वर. मोजमाप यांच्या प्रमाणात सोया दूधही आहे (१०० मिलीला ३ ग्रॅमच्या आसपास, बदामाच्या दुधात बहुधा १ ग्रॅमही नसतं). सगळं जमेस धरलं तर पूर्ण घाण्यात साधारण २० ग्रॅम प्रोटीन आणि १४ ग्रॅम फायबर येतं. चार पॅनकेक खाणाऱ्याला त्याच्या निम्मं. सुरुवातीच्या प्रमाणापेक्षा हे जवळजवळ दुप्पट आहे.

पिठं बदलायची असतील तर माझा नियम असा: एकूण १५० ग्रॅमपैकी स्टार्च ३० ग्रॅमच्या वर नेऊ नये, आणि १५ च्या खाली उतरवू नये. स्टार्च पूर्ण काढून टाकला की पॅनकेक भगराळ होतो, आणि पौष्टिक म्हणून केलेला पदार्थ ताटात तसाच राहतो. उरलेल्या १२० ग्रॅममध्ये एक मुख्य धान्य आणि एक सौम्य पीठ, अशी जोडी जमते.

ओट्सचं पीठ मुख्य म्हणून ७० ग्रॅम घेता येतं, चव सगळ्यांत सौम्य. पण ओट्स मिक्सरमध्ये दुधासकट फिरवू नका. त्यातलं बीटा-ग्लुकन हे चिकट फायबर सुटतं आणि पीठ बुळबुळीत होतं, मग कितीही शिजवा, आत चिकटच. आधी कोरडं दळा, मग हाताने मिसळा. ज्वारीचं पीठही ७० ग्रॅमपर्यंत चालतं, फक्त ते खरखरीत असेल तर मुरवण्याचा वेळ ३० मिनिटं करा. बाजरीचं पीठ दळल्यावर काही दिवसांतच कडू व्हायला लागतं, त्यामुळे ताजं किंवा फ्रीझरमधलंच घ्या.

बेसन ३० ग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त झालं की कच्चट वास उरतो, आणि पीठ कच्चं चाखून ठरवू नका, तो वास शिजल्यावर बराच जातो. (तसंही कोणतंही कच्चं पीठ चाखू नये.) किनोआ आणि राजगिऱ्याचं पीठ २५-३० ग्रॅमच. किनोआ घरी दळत असाल तर आधी चोळून धुऊन पूर्ण वाळवा, वरच्या सॅपोनिनमुळे कडवटपणा येतो. बदामाच्या पुडीत स्टार्च नसतो, ती ३० ग्रॅमच्या वर गेली की पॅनकेक मोडतो. नारळाचं पीठ तर २० ग्रॅमच्या वर नकोच, ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढतं.

इसबगोल की जवस, तर दोन्ही, कारण कामं वेगळी आहेत. इसबगोल पाण्याचा लवचिक गोळा बांधतं, म्हणून उलटताना पॅनकेक तुटत नाही. जवसाची पूड मऊपणा आणि थोडी स्निग्धता देते, पण तिची पकड इसबगोलापेक्षा कमी असते. जवस अख्खे घालून उपयोग नाही, दळलेलेच हवेत, आणि दळलेले फ्रीझरमध्ये ठेवा. इसबगोल साधं, बिनचवीचं घ्या. फ्लेवरच्या पाकिटात साखर किंवा गोडवा आणणारे पदार्थ असतात. ३ ग्रॅमचे ६ ग्रॅम केले की पॅनकेक रबरी होतो आणि आतून ओला वाटतो. काही इसबगोलाने किंचित जांभळट रंगही येतो, त्यात बिघडलेलं काही नसतं.

फेसाळ

इसबगोलाला माझा विरोध नाही, पण जाड, हलका पॅनकेक हवा असेल तर अ‍ॅक्वाफाबाला पर्याय नाही. अ‍ॅक्वाफाबा म्हणजे शिजवलेल्या काबुली चण्यांचं दाट पाणी, बिनमिठाचं.

९० मिली घ्या. घरचं पातळ असेल तर आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट करा आणि पूर्ण गार करा. त्यात लिंबाचे चार-पाच थेंब घालून इलेक्ट्रिक बीटरने ५ ते ८ मिनिटं फेटा, टोकं उभी राहिली पाहिजेत. भांड्याला आणि बीटरला तेलाचा अंशही नको, नाहीतर फेस धरत नाही.

वरच्या प्रमाणातून ९० मिली सोया दूध कमी करा, कारण अ‍ॅक्वाफाबा बहुतांश पाणीच आहे. इसबगोल ३ चं २ ग्रॅम करा. तेल पिठात आधीच मिसळलेलं असू द्या. पीठ मुरून, पावडर-सोडा घालून झालं की फेस तीन वेळा थोडा थोडा घालून खालून वर दुमडा. पहिला भाग निर्धास्त मिसळा, त्याने पीठ सैल होतं. पुढचे दोन मात्र हलक्या हाताने. लगेच पॅनवर. दहा मिनिटांत फेस बसायला लागतो, त्यामुळे दोन पॅन एकदम चालवलेले बरे. प्रोटीन याने फारसं वाढत नाही, हा फायदा फक्त पोताचा आहे.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. तीन शंका आहेत. एक, ओट्स सिलिअ‍ॅकला चालतात की नाही? दोन, पिठात ब्लूबेरी घातल्या की आजूबाजूला हिरवट-निळं होतं. त्या वेळी अर्धा चमचा सोडा आणि एक चहाचा चमचा लिंबू असं प्रमाण होतं. तीन, साखर पूर्ण काढून केळं थोडं ठेवता येईल का?

लेबल_वाचा

पहिल्या शंकेबद्दल. ओट्समध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत ते गहू-जवाबरोबर फिरतात. म्हणून पाकिटावर ग्लूटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलेलेच ओट्स घ्यायचे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाप्रमाणे ग्लूटेनची ही मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची आहे. शिवाय ओट्समधलं अ‍ॅव्हेनिन हे प्रोटीन सिलिअ‍ॅक असलेल्या थोड्या लोकांना सोसत नाही. निदान नवीन असेल किंवा लक्षणं अजून थांबली नसतील तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. बकव्हीटचा प्रश्न नाही. नावात 'व्हीट' असलं तरी ते गव्हाच्या कुळातलं नाही. काही लोकांना त्याची स्वतंत्र अ‍ॅलर्जी असते, ती वेगळी गोष्ट.

हेच तांदूळ, ज्वारी, बेसनाला लागू आहे. धान्यात ग्लूटेन नाही, पण जिथे गहू दळला जातो त्याच जात्यावर ते दळलं तर पीठ सिलिअ‍ॅकसाठी निरुपयोगी. पाकीटबंद आणि तपासलेलं घ्या किंवा घरच्या वेगळ्या ग्राइंडरमध्ये दळा.

आता ज्या वस्तूंकडे सहसा लक्ष जात नाही त्या. बेकिंग पावडरमध्ये स्टार्च असतो; तो बहुधा मक्याचा असतो, पण कधी गव्हाचाही. व्हिनेगर वापरत असाल तर माल्ट व्हिनेगर नको, ते जवापासून होतं. ओट्सचं दूध घेत असाल तर त्यावरही ग्लूटेन-फ्री लिहिलेलं हवं. चाळणी, लाकडी चमचा आणि टोस्टर गव्हाच्या कामाला वापरले असतील तर या पॅनकेकना वेगळे ठेवा. चाळणीच्या जाळीतलं पीठ धुऊन पूर्ण निघत नाही. चरे पडलेला नॉनस्टिकही बदला. त्याच स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ मळायचं असेल तर पॅनकेक आधी करून घ्या, कारण पीठ हवेत उडून बराच वेळ तरंगतं.

व्हीगनच्या बाजूनेही दोन गोष्टी. बाहेरच्या सोया दुधात व्हिटॅमिन डी३ घातलेलं असेल तर ते बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून केलेलं असतं. डी२ किंवा लायकेनपासूनचं (दगडफुलासारख्या वाढीपासूनचं) डी३ लिहिलेलं असेल तर ते व्हीगनला चालतं. डार्क चॉकलेटच्या तुकड्यांत दुधाची पावडर असू शकते, लेबल बघाच. आणि कॅल्शियम, बी१२ घातलेलं दूध घ्या आणि डबा जोरात हलवून ओता, कॅल्शियम तळाला बसतं.

मोजमाप

ब्लूबेरीचा रंग सोड्यामुळे जातो. त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबट मिश्रणात लालसर-जांभळं असतं, अल्कलीत निळं-हिरवं होतं. पाव चहाच्या चमचा सोड्याला १५ मिली लिंबाचा रस किंवा ५ टक्क्यांचं व्हिनेगर लागतं. तुमच्या अर्ध्या चमच्याला ३० मिली लागलं असतं, तुम्ही घातलं ५. उरलेल्या सोड्याने नुसता रंग बिघडत नाही, साबणासारखी चवही येते आणि पृष्ठभाग अवेळी तपकिरी होतो, म्हणजे पुन्हा आत कच्चं. सूर्यफुलाच्या बियांची पूड किंवा बटर घातलंत तरी जास्तीच्या सोड्याने आतून हिरवं होतं. खाण्यास अपाय नाही, पण ताटात बघून माणूस दचकतो.

प्रमाण बरोबर असलं तरी ब्लूबेरी पिठात ढवळू नका. पीठ पॅनवर ओतल्यावर वरून सहा-सात ठेवा. फ्रोझन असतील तर वितळू न देता. वितळलेल्या फळाचं पाणी तिथल्या तिथे पीठ पातळ करतं आणि त्या जागी पॅनकेक शिजत नाही.

बेकिंग पावडर जुनी असेल तर हे सगळं करूनही फुगणार नाही. अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा टाका. लगेच जोरात फसफसली तरच वापरा.

साखर: १५ ग्रॅम आठ पॅनकेकमध्ये वाटली की एकेकात दोन ग्रॅमही येत नाही. ती रंगासाठी आणि मऊपणासाठी आहे. तिच्या जागी ४० ग्रॅम कुस्करलेलं केळं घाला आणि दूध ३० मिली कमी करा. केळं ६० ग्रॅमच्या पुढे नेऊ नका, तिथून जडपणा सुरू होतो. दोन्ही काढायचं असेल तरी चालतं, फक्त रंग फिका येईल. तो आणायला म्हणून आच वाढवू नका. खरं तर साखर वाढते ती वरून. मेपल सिरपच्या एका मोठ्या चमच्यात १२ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पिठात घातली त्याच्या जवळजवळ तेवढीच एकाच ताटात. त्याऐवजी सफरचंद किंवा बेरी दोन चमचे पाण्यात पाच मिनिटं शिजवून, थोडं शेंगदाण्याचं किंवा बदामाचं बटर घालून बघा.

दोन_पॅन

रोज इतकं मोजणं शक्य नसेल तर कोरडं मिश्रण करून ठेवता येतं का? आणि केलेले पॅनकेक किती टिकतात? शाळेच्या सकाळी २० मिनिटं मुरवायला वेळ नसतो.

मंद_आच

पाच घाण्यांचं कोरडं मिश्रण: बकव्हीट ३५० ग्रॅम, तांदळाचं पीठ २५०, टॅपिओका स्टार्च १५०, इसबगोल १५, साखर ७५, मीठ सव्वा चहाचा चमचा. घट्ट झाकणाच्या बरणीत थंड, कोरड्या जागी दोन महिने राहतं. इसबगोल हलकं असल्यामुळे वेगळं होतं, म्हणून काढण्यापूर्वी बरणी उलटी-सुलटी करून हलवा. एका घाण्याला १७० ग्रॅम मिश्रण, त्यात त्या दिवशी १० ग्रॅम जवसाची पूड, वर दिलेलं दूध, लिंबू, तेल. जवस मिश्रणात आधी घालू नका, खवट होतात. बेकिंग पावडर आणि सोडाही बाहेरच ठेवा. ते शेवटी एक मोठा चमचा कोरड्या मिश्रणात कालवून चाळून घाला, म्हणजे वेगळा स्टार्च राखून ठेवायची गरज नाही; तेवढं मिश्रण १७० मधूनच काढून ठेवा.

सकाळी वेळ नसेल तर रात्रीच दूध, तेल, जवस घालून पीठ फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते खूप घट्ट असेल, ३०-४० मिली दूध घालून सैल करा, मग पावडर-सोडा. थंड पिठाला पहिल्या बाजूला अर्धा मिनिट जास्त लागतं.

केलेले पॅनकेक फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात, पण फ्रिजचं तापमान स्टार्च कडक व्हायला सगळ्यांत अनुकूल असतं, दुसऱ्या दिवशीच ते जाणवतं. म्हणून उद्यासाठीचे सोडले तर बाकीचे फ्रीझरमध्ये. पूर्ण गार करा, ताटात सुटे ठेवून तासभर गोठवा, मग मधे बेकिंग पेपर घालून डब्यात रचा. दोन महिने चांगले राहतात. गरम करताना वितळवत ठेवू नका. थेट टोस्टरमध्ये मध्यम खुणेवर दोनदा, किंवा झाकलेल्या पॅनमध्ये मंद आचेवर बाजूला दोन-दोन मिनिटं. मायक्रोवेव्ह वापरलाच तर ओलसर कागदात गुंडाळून एकेकाला ३० सेकंद आणि लगेच खायचा, पाच मिनिटांनी तो पुन्हा चिवट होतो.